शाळा आंब्याखाली हलवली तेव्हा

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, वर काय बघितलं. मी म्हटलं, "चांगलं हे. डोंगर हेत." एवढं बोलले आणि चुलीकडे गेले. सूनबाई हसली. म्हणाली, "आई, नागपंचमीला गेलात ते दिवाळीला आलात, अन् दोनच शब्द आणले का?"

तिचं बरोबर होतं. पण चार माणसांत बोलायचं झालं की मला पहिल्यापासूनच शब्द सापडत नाहीत. एकटी असले की सापडतात. म्हणून दुपारी सगळे कपाशीत गेले की बसते आणि लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायची सवय मी मोडू दिली नाही.

जाताना

माझ्या भावाची मुलगी सविता शिक्षिका आहे. भोकरदन तालुक्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, सालईदरा म्हणून भिल्लांची वस्ती आहे. तिथल्या शाळेवर ती एकटीच. पाच महिन्यांचं बाळ, नवरा पुण्याकडे कंपनीत, सासूचे गुडघे गेलेले. रजा संपली तशी ती जाफराबादला आमच्या घरी आली आणि म्हणाली, "आत्या, तू चल. बाळाला धरायला कुणी न्हाई. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

भोकरदनपर्यंत एसटीनं गेलो, पुढं पिंपळगाव रेणुकाईपर्यंत जीप. त्या दिवशी मिरचीचा बाजार होता. जीपमध्ये माणसं कमी आणि हिरव्या मिरचीची पोती जास्त. एक पोतं घसरून माझ्या मांडीवर आलं, ते मी दोन्ही हातांनी लोटलं आणि जरा वेळानं त्याच हातानं बाळाचं नाक पुसलं. मग काय! बाळानं जे रडणं लावलं, अख्खी जीप माझ्याकडे बघायला लागली. मला धरणीत जावंसं वाटलं.

"मावशी, आतापासूनच तिखट खाऊ घालता का नातवाला?" ड्रायव्हर आरशातून म्हणाला.

सविता रागावली नाही. बाळाला पदराखाली घेतलं, तेव्हा ते निवलं. देवीच्या देवळाचा कळस लांबून दिसला. जीप थांबणार नव्हती, म्हणून बसल्या जागेवरून हात जोडले, तेही बाळापासून लांब धरून.

पुढं रस्ता संपतो तिथून पायी चढायचं होतं. मध्ये एक ओढा, मग डोंगराची सोंड. चढता चढता सविता म्हणाली, "आत्या, तुला सांगून ठेवते. ह्या शाळेचं काय खरं न्हाई. पोरं कमी म्हणून ही शाळा खालच्या गावच्या शाळेत मिळवायचं चाललंय. यंदा साहेब बघायला येणारेत. वर्ग भरलेला दिसला तर ऱ्हाईल."

"अन् मिळवली तर लेकरं खाली जातीन की?"

ती थांबली. आम्ही नुकताच ओलांडलेला ओढा तिनं मला वळून दाखवला. तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं, पण काठाच्या झुडपांत माणसाच्या छातीच्या उंचीवर वाहून आलेला पालापाचोळा अडकलेला होता. "जातीन का, तूच सांग," म्हणाली.

सालईदरा

आमच्या गावात घराला घर लागून. शेजारणीची डाळ करपली तर आपल्याला आधी कळतं. सालईदऱ्याला तसं नाही. एका टेकाडावर एक घर, त्याच्या बाजूला त्याचं शेत, मग मोकळं रान, मग दुसऱ्या टेकाडावर दुसरं घर. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. बोलायचं असलं की बाया ह्या टेकाडावरून त्या टेकाडावर हाक देतात. माझ्यासारखीला त्या गावात जन्म काढणं अवघडच होतं.

शाळा म्हणजे एक सिमेंटची खोली, पुढं पडवी, वर पत्रे. आमचं राहणं तिच्यामागच्या लहान खोलीत. पहिल्या दिवशी मला बघून लेकरं पळाली. मलाही पळावंसं वाटत होतं, म्हणून मला त्यांचा राग आला नाही.

मी वर्गात मागं बाळाला घेऊन बसायची. आधी लहान लेकरं बाळ बघायला सरकत सरकत आली. मग तिथंच बसायला लागली. सविता तिसरी-चौथीला शिकवत होती. तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, जवळ आलेच हेत तर पहिलीची तूच घे."

"मी? मला काय येतंय?"

"अ आ ई येतं ना? बास झालं."

त्यांची आपसातली बोली मला निम्मी कळायची, माझी त्यांना निम्मी. मी फरशीवर खडूनं अक्षर मोठं काढायची आणि लेकरं त्याच्यावर चिंचोके मांडायची. बोलायची गरज पडत नसे. एखादा चिंचोका खडूच्या रेषेबाहेर गेला की सगळी एकदम ओरडायची. बाळ चिंचोक्याला हात घालायचं तेव्हा तर हसून गोंधळ. मला ते एक महिनाभर फार बरं वाटलं. ते लिहून ठेवते, कारण पुढचं तसं नाही.

लेकरं मला 'बाळाची आजी' म्हणायची. बाई म्हणायची ती एकटी यमुना. तिसरीत होती. कडेवर कायम धाकटा भाऊ गोलू. त्याला कडेवर घेऊनच ती वाचायची आणि पान उलटायचं झालं की हनुवटीनं पुस्तक दाबून धरायची. तिसरीचं पुस्तक तिचं वाचून झालेलं, चौथीच्या पोरांचं मागून वाचत होती. तिची आई शाळेत खिचडी शिजवायची, बाप भिवसन शेत बघायचा. दिवाळी झाली की सगळं घर ऊस तोडायला जायचं, अंकुशनगरच्या कारखान्याकडे. गेल्या साली यमुना आजोबांपाशी राहिली, हिरामणबाबांपाशी, म्हणून तिची शाळा बुडली नाही.

एकदा तिनं मला विचारलं, "बाई, तुम्ही चौथी झाल्ता ना? मंग पाचवी का न्हाई?"

"मेंढ्या होत्या आमच्या. मेंढ्यांमागं जावं लागलं."

"आमचं उसामागं," ती म्हणाली, आणि गोलूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

हिरामणबाबा रोज सकाळी शाळेच्या पडवीत येऊन बसायचे. उन्हाला पाठ देऊन. एकदा त्यांनी मला पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली मक्याची भाकर आणून दिली. आमच्या बाजरीच्या भाकरीपेक्षा जड, पण तिला पानाचा वास लागलेला, आणि सोबत लसणाची चटणी. मी खाल्ली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. तो माणूस माझ्यासारखाच होता.

पाऊस आणि हिरामणबाबा

भादव्यात बाबांना ताप आला. उतरेना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भिवसन आणि वस्तीतल्या माणसांनी त्यांना घोंगडीत घातलं, घोंगडी बांबूला बांधली आणि खाली दवाखान्यात न्यायला निघाले. वरून धो धो पाऊस. ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. ओढा त्या झुडपांच्या उंचीला लागला होता.

परत येताना शाळाच पहिली लागते. पडवीत वाऱ्यानं पाणी आत मारत होतं. सवितानं खोली उघडली, लेकरांना एका बाजूला केलं, सतरंजी दुहेरी करून अंथरली. बाबांना निजवलं. यमुनानं त्यांच्या ओठाला पाणी लावलं. समोरच्या भिंतीवर फळांच्या चित्रांचा तक्ता होता, बाबा तिकडे बघत होते. बघता बघताच गेले. आम्हाला जरा वेळ कळलंच नाही. यमुनाच्या आईला आधी कळलं.

मातीला सगळी वस्ती गेली. दुसऱ्या दिवशी शाळा उघडली, कुणी आलं नाही. दुखवटा आहे, म्हणून आम्ही काही बोललो नाही. मग आणखी काही दिवस गेले. कुणीच नाही. खिचडीसुद्धा शिजेना. लेकरं टेकाडांवरून शाळेकडे बघायची, पण खाली येत नव्हती.

सविता घरोघर फिरली, मी बाळ घेऊन मागं. कुणी भांडलं नाही. सगळे "हो बाई, हो बाई" म्हणायचे, बसायला खाट द्यायचे. शेवटी भिवसननं सांगितलं.

"बाई, पोरं येतीन ना. दगड बसू द्या."

"कसला दगड?"

"म्हाताऱ्याचा. माणूस जिथं जीव सोडतो तिथंच ऱ्हातो बाई. रानात त्याचा दगड उभा केला, वस्तीला जेवू घातलं, की मंग तो दगडात जातो. कुडाचं घर असलं तर आम्ही ते सोडून देतो, दुसरं बांधतो. ही तर तुमची सिमिटाची."

"दगड कधी बसवणार?"

"उसावरून आलो की. होळीच्या आधी. खर्चा लागतो ना."

"होळी? अन् तोवर शाळा?"

भिवसन जमिनीकडे बघून म्हणाला, "तोवर म्हातारा हे तिथं. त्याच्या अंगावर पोरं कशी बसवू?"

खोलीवर आल्यावर सविता रडली. "साहेब येणारेत अन् वर्ग रिकामा! ह्या काळात हे काय आत्या? मेल्यावर माणूस सतरंजीवर बसून ऱ्हातो का?"

मला तिचंही पटत होतं आणि भिवसनचंही. मी म्हटलं, "माझा बाप मेंढ्यांचा वाडा हलवायचा. वाड्यात मेंढी रोगानं मेली की त्या जागेवर एक रात्र काढायचा न्हाई. लगेच जाळ्या उपटायच्या, पलीकडच्या शेतात रोवायच्या. त्याच्यावर कुणी बोलायचं न्हाई."

"मंग?"

"मंग काय. आपण हलवू."

"आत्या, शाळा म्हंजी मेंढ्यांचा वाडा हे का?" तिनं डोळे पुसत विचारलं.

सकाळी उठले, बाळाची झोळी घेतली, चिंचोक्याची पिशवी घेतली आणि शाळेपुढच्या लहान ओहोळाच्या पलीकडे मोठा आंबा आहे, त्याच्या फांदीला झोळी बांधून खाली बसले. मोठ्यानं हाक मारणं मला जमलं नसतं. बाळ मात्र मोठ्यानं रडलं. त्या आवाजाला आधी गोलूला घेऊन यमुना आली. तिनं जमीन बघितली, झाड बघितलं, शाळेकडे बघितलं. मग बसली. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी वस्ती तिथं होती, ज्यांची शाळा कधीच संपली ते सुद्धा. भिवसननं सवितासाठी एक दगड लोटत आणून ठेवला आणि म्हणाला, "ही घ्या खुर्ची." सगळे हसले. सवितानं फळा आणून खोडाला टेकवला.

असे दिवस गेले. मुंग्या चावायच्या, मध्येच सर आली की चटया डोक्यावर धरायच्या. सीताफळं पिकायला लागली तशी लेकरं घेऊन यायची आणि अक्षरावर मांडायला नव्या काळ्या बिया मिळाल्या. तेव्हापासून सगळी मला बाई म्हणायला लागली.

साहेब आले त्या दिवशी

दसऱ्याच्या आधी साहेब आले. गाडी खाली लावून पायी चढून आले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, घामाघूम. वाईट माणूस नव्हता. यमुनाच्या आईनं केलेला कोरा चहा प्यायले, लेकरांना वाचायला लावलं. यमुना वाचायला लागली तशी त्यांनी पुस्तक बंद करायला सांगितलं आणि दुसऱ्याच पुस्तकातलं पान दिलं. तिनं तेही वाचलं.

"झकास," साहेब म्हणाले. "मॅडम, पोरं तयार हेत तुमची. आता चला, वर्गात बसवा. फोटो घेतो अन् निघतो."

सवितानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला समजतं हो. पण झाडाखालचा फोटो पाठवला तर वरून विचारतेत, खोलीचं काय झालं? खोली वापरता येत न्हाई असं लिहिलं, तर मंग खोलीच न्हाई तर शाळा कशाला, असं होतं. मला बिलकुल दुसरा रस्ता न्हाई. दोन मिनिटं बसू द्या त्यांना. दोन मिनिटांनी काय होणारे?"

सविता लेकरांना घेऊन खोलीपर्यंत गेली. लेकरं पडवीच्या पायरीपाशी थांबली. तिनं चॉकलेट देते म्हणून सांगितलं, मग रागावून सांगितलं, मग हात जोडले. मग माझ्याकडे वळली. "आत्या, तुझं ऐकतेत. सांग ना गं. एकदाच."

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि ह्या वेळी तो लाजेमुळे अडला नव्हता. मेंढी मेलेल्या जागेवर परत मेंढ्या घाला, असं मी कुणाला सांगूच शकले नसते. माझ्या बापाचं मी तेवढं तरी ऐकलेलं आहे. मी मान हलवली, नाही म्हणून.

"तुम्ही कोण?" साहेबांनी मला विचारलं.

तेवढ्यात यमुना पुढं झाली. कडेवर गोलू. तिनं उंबऱ्यापाशी चप्पल काढली. आत वाकून बघितलं आणि साध्या आवाजात, घरात बोलतात तशा, म्हणाली, "आज्या, जरा सरक. साहेब आलेत."

थोडा वेळ थांबली. मग आत गेली आणि भिंतीकडेची जागा सोडून सतरंजीच्या कडेला बसली, गोलूला मांडीवर घेऊन. पुस्तक उघडलं.

बाकीचं कुणी गेलं नाही. साहेब दारात मोबाइल घेऊन वाट बघत राहिले. मग त्यांनी त्या दोघांचा फोटो काढला. मोबाइल खिशात ठेवताना ते सविताकडे बघत नव्हते.

संध्याकाळी भिवसन आला. यमुनाला मारलं नाही, रागावलाही नाही. दोन्ही लेकरांना ओढ्यावर नेऊन अंघोळ घातली. वस्तीतल्या भगतानं सांगितलं की पोरीनं त्याला हाक मारली, आता म्हातारा तिच्यामागं बाहेर आला असेल, दगड बसेपर्यंत तिनं चार लेकरांत मिसळू नये. दुसऱ्या दिवसापासून यमुना आंब्याखाली आली नाही. तिची जागा इतर लेकरांनी तशीच मोकळी सोडली. मग हळूहळू ती लेकरंही कमी व्हायला लागली.

उतरताना

दिवाळीच्या तोंडावर हुकूम आला. शाळा खालच्या गावात मिळवली. सविताही तिथंच. तिनं घरोघर सांगितलं, लेकरांना खाली पाठवा. सगळे "हो बाई, हो बाई" म्हणाले. टेकाडांवर उसाला जायची गाठोडी बांधायचं चाललं होतं. यंदा यमुनाही जाणार होती. तिला ठेवायला आता वर कुणी नव्हतं.

सामान माणसांच्या डोक्यावर दिलं, बाळ माझ्याकडे. भिवसनच्या घरावरून वाट आहे. यमुना अंगणात एकटी कोयत्याची मूठ चिंधीनं गुंडाळत बसली होती. मला बघून उभी राहिली, पण जवळ आली नाही. तिला बाळाजवळ यायची मनाई होती. मी पण थांबले.

मग तिनं विचारलं, "बाई, फोटू बराबर आल्ता का?"

"आल्ता."

"फोटूत आज्या दिसतो का?"

"न्हाई. तू अन् गोलूच."

तिनं विचार केला. "मंग सरकला होता तो," म्हणाली. "मी म्हटलं म्हणून सरकला."

मी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. सविता पुढून हाका मारत होती, जल्दी चल, जीप जाईल. मी निघाले.

आता घरी सगळं नेहमीसारखं आहे. परवा सविताचा फोन होता. खालच्या शाळेत सालईदऱ्याचं एकही लेकरू आलेलं नाही. भिवसननं जायच्या आधी दगड घडवायला सांगून ठेवला आहे, होळीच्या आधी बसवणार. दगड बसला की बाबा तिकडे जातील आणि खोलीत कुणीही बसू शकेल. खोलीची किल्ली सवितानं खालच्या शाळेत जमा केली आहे.